मुळशीतली कुत्री आणि त्यांची माणसं

माझ्या स्कूटीची डिकी उघडून बघा कधी. आत रेनकोटला, रुमालाला, डब्याच्या पिशवीला, सगळ्याला केस चिकटलेले दिसतील. पांढरे, काळे, तपकिरी. कितीही झटका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच! आमच्या कामातल्या किश्श्यांचंही तसंच आहे. लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या कुत्र्यांना शिकवायचं, हे माझं काम. दिवसाला तीन-चार घरं होतात आणि प्रत्येक घरातून काहीतरी अंगाला चिकटून येतंच. लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई सहज विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते. तिचा घास हातातच राहतो. "म्हंजी कुत्र्यांची शाळा?" झालं! तिथून ताटं उचलेपर्यंत माझी सुटका नाही.

तर मी भरे गावची सून, संगीता. आठ वर्षांपूर्वीपर्यंत उरवड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. आता पिरंगुटपासून पार धरणापर्यंत माझी हद्द. हाक मारली की यायचं, पट्टा ओढायचा नाही, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारायच्या नाहीत, एवढाच माझा सिलॅबस. भित्रं, चिडकं, चावरं कुत्रं असलं की मात्र कोर्स लांबतो. पण त्यातच खरी मजा आहे!

*

हे काम मला शिकवलं सुभेदारकाकांनी. काका लष्करात कुत्र्यांचे हँडलर होते. रिटायर झाल्यावर आमच्या कंपनीत सिक्युरिटीला आले. गेटवरचं एक खवट कुत्रं कुणालाच जवळ येऊ द्यायचं नाही, माझ्या मात्र पायाशी येऊन बसायचं. हे त्यांनी महिनाभर बघितलं आणि एक दिवस म्हणाले, "रविवारी पौडला घरी ये. शिकवतो."

मी गेले. मला वाटलं, आता कुत्रं हातात देतील. काकांनी मला खोलीच्या मध्ये उभं केलं आणि म्हणाले, "मी बोलणार नाही. तुला काय करायचंय ते तू ओळखायचं. बरोबर असलं की मी फक्त 'हां' म्हणणार आणि एक शेंगदाणा देणार."

मी इकडे गेले, गप्प. तिकडे गेले, गप्प. खिडकीकडे वळले, "हां!" शेंगदाणा. खिडकीशी गेले, "हां!" शेंगदाणा. मग खिडकीपाशी मी काय नाही केलं! तिचं दार उघडलं, गज धरले, बाहेर डोकावले. काका गप्प. दहा मिनिटांनी मला रडायलाच आलं. "काका, काय करायचंय ते सरळ सांगा ना!"

"पडद्याला हात लावायचा होता," काका म्हणाले. "राग आला?"

"आला!"

"मग मला चावलीस का?"

"काहीतरीच काय! नाही."

काकांनी कोपऱ्यात झोपलेल्या त्यांच्या म्हाताऱ्या अल्सेशियनकडे बोट केलं. "त्याला आपण रोज असंच उभं करतो. राग येऊनही तो चावत नाही. त्यासाठी त्याला कुणी कधी शाब्बास म्हणतं का?"

आजही नवीन घराची बेल वाजवायच्या आधी मला तो पडदा आठवतो.

*

भूगावच्या एका सोसायटीत कुकी नावाची लॅब्रेडॉर आहे. बायको साताऱ्याची, रेवा. नवरा कानपूरचा. दोघं आयटीत. तक्रार एकच, कुकी ऐकत नाही.

मी अर्धा तास नुसती बघत बसले. रेवा म्हणायची, "सिट!" नवरा म्हणायचा, "बैठो!" कामाला येणाऱ्या मंदाताई म्हणायच्या, "बस की गं बाई!" आणि कुकी बिचारी मधोमध उभी राहून पंख्याकडे बघायची.

मी म्हटलं, "आधी घरात एक भाषा ठरवा."

बैठक बसली. दिवसभर कुकीबरोबर मंदाताई असतात म्हणून मराठी ठरली. ये, टेक, थांब, सोड, शाब्बास. पाच शब्द. कानपूरच्या जावयाने ते कागदावर लिहून फ्रिजला लावले आणि इतके घोटले की कुकी पंधरा दिवसांत लायनीवर आली. मला म्हणतो, "ताई, अब मुझे मराठी आती है!"

पुढच्याच महिन्यात साताऱ्याहून सासरे आले. लेकीच्या नव्या घरी पहिल्यांदाच. जावयाने ठरवलं, आज आपण मराठीतच बोलायचं. दार उघडून हात पसरून म्हणाला, "ये! ये! शाब्बास!"

सासरे उंबऱ्यातच थिजले. जावयाने त्यांचा हात धरला, पिशवीकडे बोट केलं. "सोड!" त्यांनी पिशवी सोडली. मग सोफ्याकडे बोट. "टेक!"

आणि सासरे टेकले!

रेवा आतल्या खोलीत उशीत तोंड खुपसून हसत होती. संध्याकाळी वडील तिला म्हणाले, "जावई बोलायला जरा रांगडा आहे. पण माणूस आपला वाटतो!"

*

पिरंगुटच्या एका फ्लॅटमधून फोन आला. बीगल आहे, दिवसभर भुंकतो, शेजारी भांडायला येतात. पत्ता घेतला, गेले. दार उघडलं तर समोर आमचे सुपरवायझर साहेब!

या साहेबांच्या आवाजाने आख्खं पॅकिंग डिपार्टमेंट हादरायचं. नऊ वर्षं मी त्यांना मान वर करून उत्तर दिलं नव्हतं. हातातला खोका खाली पडेल म्हणून नाही, मीच पडेन म्हणून!

"तुम्ही... पॅकिंगच्या ना?"

"होते," मी म्हटलं. "कुत्रं कुठंय?"

बीगल खिडकीत भुंकत होता. साहेब ओरडले, "चूप!" तो आणखी जोरात भुंकला. साहेब त्याहून जोरात, "चूप!!" बघता बघता दोघांची जुगलबंदी सुरू झाली. मला लख्ख दिसत होतं, त्या कुत्र्याला वाटतंय, वा, आज साहेबही आपल्याबरोबर भुंकतायत!

मी पट्टा हातात घेतला, सरळ उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, आवाज खाली."

नऊ वर्षांचं वाक्य हो! बाहेर पडलं तेव्हा माझे मलाच कान गरम लागले.

साहेब गप्प झाले. कुत्रा चकित होऊन त्यांच्याकडे बघायला लागला. भुंकायचं थांबला, त्याच क्षणी मी त्याला खाऊ दिला. मग साहेबांना शिकवलं: खिडकीपासून हळूच लांब बोलवायचं, आला की हळू आवाजात शाब्बास म्हणायचं. सहा आठवड्यांनी शेजाऱ्यांनी स्वतःहून येऊन विचारलं, कुत्रं दिलंत का कुणाला?

शेवटच्या दिवशी साहेब खालपर्यंत सोडायला आले. घुटमळले. म्हणाले, "ओरडून काम होत नाही, हे तुम्ही मला कंपनीत असतानाच का नाही सांगितलंत?"

मी स्कूटीला किक मारली. "साहेब, तेव्हा पट्टा माझ्या हातात नव्हता!"

*

आता तुम्हाला वाटेल, ही बाई फक्त जिंकलेलेच किस्से सांगते. तर लाडूचं ऐका.

लाडू म्हणजे एका डॉक्टरीणबाईंचा गोल्डन रिट्रीवर. पाहुणे आले की थेट त्यांच्या छातीवर दोन्ही पाय. मी बाईंना शिकवलं, त्याने उडी मारली की "जागेवर" म्हणायचं. लाडू त्याच्या चटईवर जाणार, बसणार आणि त्याला चिकनचा तुकडा मिळणार. चार दिवसांत शिकला! मी सगळीकडे सांगत सुटले, असा विद्यार्थी झाला नाही.

दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन. "अहो, हा आता जास्तच उड्या मारतोय!"

जाऊन बघते तर काय! लाडू सोफ्याजवळून शांतपणे उठला, माझ्यापाशी आला, एकदा व्यवस्थित उडी मारली, स्वतःच चटईवर जाऊन बसला आणि चिकनच्या डब्याकडे बघू लागला.

उडी मारल्याशिवाय चटई नाही, चटईशिवाय चिकन नाही. बरोबरच होतं त्याचं! शिकवणाऱ्या बाईंचं चुकलं होतं. पाहुणा दारात आला की उडीच्या आधीच चटईवर पाठवायला हवं होतं.

काकांना फोन करून सांगितलं. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "नशीबवान आहेस! कुत्रं मास्तर निघालंय. आता तू नीट शिक."

*

आमच्या मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, माझं हे काम सुरुवातीला अजिबात पटलं नव्हतं. "कुत्र्याला बस म्हनायला मानूस लागतंय व्हय? आमची कुत्री कंदी शिकाय गेली?" पारावर कुणी विचारलं, सून काय करते, तर दोन वर्षं सांगत होते, "कंपनीत हाय."

एक दिवस दारात मोठी गाडी थांबली. धरणाजवळच्या बंगल्याचे मालक. मी खाचरात होते, आमची भाताची लावणी चालू होती. मालकांनी विचारलं, "ट्रेनर मॅडम इथेच राहतात ना?"

मामंजी म्हणाले, "कोन मॅडम?"

"संगीता मॅडम. आमच्या कुत्र्याने दोन माळी पळवलेत हो. तिसराही टिकणार नाही. मॅडमशिवाय इलाज नाही, असं सगळे सांगतायत."

मामंजींनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "बसा. मॅडम लावनीला हायेत. चिखलातून मदीच बोलावता येनार न्हाई. च्या घ्या."

त्या माणसाला त्यांनी तासभर बसवून ठेवलं! मी आले तेव्हा मामंजी त्याला समजावत होते, "तुमी घरात शिरल्या शिरल्या कुत्र्याला नाचिवता, म्हून त्ये बिघाडतंय." माझंच वाक्य! मी जेवताना नवऱ्याला सांगत असायचे, ते मामंजी गुपचूप ऐकत होते.

चार दिवसांनी कामावरून घरी आले तर दाराबाहेर पत्रा टांगलेला. त्यावर मामंजींनी स्वतःच्या हाताने ऑइलपेंटने लिहिलं होतं:

"येथे कुत्र्यांना व त्यांच्या मालकांना शिस्त लावून मिळेल."

मी म्हटलं, "मामंजी, मालकांना राग येईल ना!"

"येऊ दे की," मामंजी ब्रश पुसत म्हणाले. "राग आला तरी चावत न्हाईत ती!"

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नसतात.

पौडला एक रिटायर्ड गुरुजी आहेत. एकटे राहतात. सोबतीला शेरू, सात वर्षांचा गावठी कुत्रा. एवढा गुणी की गुरुजी बाजारातून येईपर्यंत फाटकातून हलायचा नाही. एका सुट्टीत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात आली. नातीने शेरूच्या गळ्यात हात टाकला आणि शेरू गुरगुरून तिच्या अंगावर गेला. दात लागले नाहीत, पण पोर किंचाळली. दोन दिवसांनी तेच गुरुजींच्या बाबतीत झालं. मुलाने सांगून टाकलं, "रविवारी मी याला ताम्हिणी घाटाच्या पलीकडे सोडून येणार."

गुरुजींनी मला बोलावलं तो शुक्रवार होता. म्हणाले, "याला शिकवा. दोन दिवस आहेत."

मी जमिनीवर बसले. शेरूला हात लावला नाही. तो उजव्या बाजूने माझ्याजवळ आला, वास घेतला, शेपटी हलवली. डाव्या बाजूने हात पुढे केला की लगेच अंग चोरायचा. डोकं जरा तिरकं धरलेलं. मधूनच मान झटकायचा. मी पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हटलं, "गुरुजी, याला काही शिकवायचं नाही. याला आत्ता डॉक्टरकडे न्यायचं."

जनावरांच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून गवताचं कुसळ काढलं. पार आत रुतलेलं, भोवती पू झालेला. नातीचा हात नेमका त्याच कानावर पडला होता.

रविवारी मी मुद्दाम गेले. मुलगा घरीच होता. शेरू नातीपासून हातभर लांब निवांत पडला होता. आम्ही तिला शिकवत होतो, शेरूला स्वतःहून येऊ द्यायचं, आपण जायचं नाही.

गुरुजी म्हणाले, "तुम्ही तर त्याला काहीच शिकवलं नाहीत."

मी सहज बोलून गेले, "गुरुजी, एखाद्या पोराला फळ्यावरचं दिसत नसेल, तर तुम्ही छडी मारायचात की चष्मा लावायला सांगायचात?"

गुरुजींनी शेरूकडे बघितलं. मग म्हणाले, "याला मी छडी मारली. तो गुरगुरला त्या दिवशी. दोनदा."

शेरू त्यांच्याच पावलावर हनुवटी टेकून झोपला होता.

*

आणि आता ठकूबाई.

धरणाच्या वरच्या अंगाला, गाडीरस्ता संपल्यावर तासभर चढून गेलं की एक धनगरवाडा लागतो. पाच-सहा घरं. ठकूबाई तिथली. पन्नाशीची, काटक, बोलायला तुसडी. मला शोधत ती खाली पिरंगुटपर्यंत आली होती. म्हणाली, "माझं कुत्रं बिघाडलंय. येशील का वर?"

कुत्र्याचं नाव भुंग्या. काळा, रुंद छातीचा, उजवा कान अर्धा फाटलेला. आदल्या पावसाळ्यात, वाड्यापासून हाकेच्या अंतरावर, जांभळीच्या झाडापाशी बिबट्याने ठकूबाईचं वासरू धरलं. ठकूबाई काठी घेऊन धावली, भुंग्या तिच्याही पुढे धावला. बिबट्या पळाला, पण वासरू वाचलं नाही. भुंग्याचा कान गेला. तेव्हापासून भुंग्या त्या झाडापलीकडे पाऊल टाकेना. चराईची सगळी जागा झाडापलीकडे. आधी ठकूबाई न्यायची ती गुरं आता तिची जाऊ लांबच्या वाटेने नेत होती, कुत्र्याविना.

"लई भितंय," ठकूबाई म्हणाली. "वाघागत कुत्रं, पार शेळी झालंय त्येचं."

मी भुंग्याला घेऊन झाडाच्या दिशेने निघाले. साठ-सत्तर पावलांवर तो थांबला. अंग थरथरायला लागलं. मी तिथे एक दगड ठेवला आणि मागे फिरले.

"आगं, वढून ने की त्येला!" ठकूबाई ओट्यावरून ओरडली.

"न्हाई मावशी. ओढून नेला तर झाडाची भीती राहतेच, वर माझीपण बसते. तो नको म्हणाला की आपण मागं यायचं."

आठवड्यातून दोनदा मी चढत होते. खिशात उकडलेली कलेजी. भुंग्याने जिथवर कान सैल सोडून, शेपटी हलवत खाल्लं, तिथे दगड ठेवायचा. पुढच्या खेपेला दोन पावलं पुढे. कधी चार पावलं पुढे, कधी सहा मागे. एकदा झाडावरून माकडाने उडी मारली आणि आमचे तीन आठवडे वाया गेले! ठकूबाई ओट्यावर बसून बघायची. परत आले की ताक द्यायची, भांडं खाली ठेवत म्हणायची, "आज कितवा धोंडा?"

मी तिला म्हटलं, "मावशी, मधल्या दिवसांत तुम्ही घेऊन जात जा ना त्याला. तुमच्याबरोबर लवकर येईल."

"मला कामं हायेत," ती म्हणाली. सरपणाला निघाली, ती झाडाकडे पाठ करून खालच्या रानाकडे.

भुंग्या मात्र प्रत्येक दगडापाशी थांबून मागे ओट्याकडे बघायचा. मला वाटायचं, घराकडे बघतोय.

सहा महिने झाले. त्या दिवशी शेवटचा दगड झाडापासून दहा पावलांवर होता. ऊन छान पडलं होतं. भुंग्याने त्या दगडाचा वास घेतला आणि थांबलाच नाही. मी पट्टा सैल सोडला. तो झाडापाशी गेला, बुंधा नीट हुंगला, पाय वर केला आणि सगळ्या जगाला कळेल अशी खूण करून टाकली! मग तसाच पलीकडे. दहा पावलं, वीस पावलं. गवतात उभा राहून त्याने नाक वाऱ्याला लावलं.

मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण अशा वेळी ओरडायचं नसतं. मी कलेजी हातावर धरली आणि हळूच म्हटलं, "शाब्बास, भुंग्या. ये."

भुंग्या आला. माझ्या हाताकडे त्याने बघितलंही नाही. माझ्या बाजूने तसाच पुढे गेला. मी वळून बघितलं, तर ठकूबाई ओट्यावर नव्हती. कधी उठून आली कुणास ठाऊक, ती दगडांच्या ओळीत, पहिल्या दगडापाशी उभी होती. काठी हातात घट्ट धरलेली.

भुंग्या तिच्यापाशी गेला. तिच्या हाताला नाक लावलं. मग झाडाकडे चार पावलं चालला, थांबला, मागे वळून तिच्याकडे बघत उभा राहिला. ती हलली नाही. तोही हलला नाही. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

ठकूबाईने लुगड्याचा पदर खोचला.

"व्हय रं बाबा," ती म्हणाली, "आले."